तरफेची तरफदारी

सॅव्हेज कंपनीने आपली ९९ क्रमांकाची लिव्हर-ॲक्शन, म्हणजे तरफेची, रायफल पुन्हा बनवायला घ्यावी का, असे विचारले तर शहाणी माणसे एका शब्दात उत्तर देतात : नको. हिशेब त्यांच्या बाजूने आहे, कारखान्याची रीत त्यांच्या बाजूने आहे, बाजारही बराचसा त्यांच्याच बाजूने आहे. मी खुळाच्या बाजूने उभा आहे आणि हा लेख त्या खुळाची स्तुती करण्यासाठीच लिहितो आहे. ही रायफल परत यावी. स्वस्त होऊन, सुटसुटीत होऊन येणार असेल तर येऊच नये. जशी होती तशी, सगळ्या खर्चासकट यावी.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. शेजारी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. आयुष्यभर यंत्रशाळेत फिटर होते. मी इथे राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावले, टेबलावर जुनी चादर अंथरली आणि तिच्यावर वडिलांची रायफल ठेवली. पन्नासच्या दशकातली. निळसर काळे पोलाद हाताच्या घामाने कडेकडेला पांढरे पडलेले, अक्रोडाचा दस्ता मधाच्या रंगाचा झालेला. त्यांनी बोट ठेवले ते रिसिव्हरच्या, म्हणजे यंत्र बसवलेल्या पोलादी गाभ्याच्या, डाव्या अंगावरच्या एका छोट्या खिडकीवर. वाटाण्याएवढी खिडकी, आत पितळ, पितळावर कोरलेला आकडा : शून्य. मॅगझीनमध्ये किती काडतुसे उरली आहेत ते हा आकडा सांगतो. “हे बघ,” ते म्हणाले, “ज्याने हे केलं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं करायला.”

खिडकीच्या मागे काय आहे ते समजून घेतल्याशिवाय या वाक्यातले मोठेपण कळत नाही. विंचेस्टर आणि मार्लिन यांच्या नेहमीच्या तरफेच्या रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत, आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक बसतात. मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकते, आणि बुडाच्या मधोमध तर ठिणगी पाडणारी टोपी असते. तिथे टोकदार गोळी ठेवली आणि रायफलीला धक्का बसला, तर मॅगझीनमध्येच स्फोट व्हायचा धोका. म्हणून त्या रायफलींना बोथट नाकाची गोळी वापरावी लागे, आणि बोथट गोळी हवेत लवकर दमते. आर्थर सॅव्हेजने काडतुसे रांगेतून काढून एका फिरकीभोवती बसवली. प्रत्येकाला स्वतःची खाच. कुणाचे टोक कुणाला लागत नाही, धक्क्याने टोके चेचली जात नाहीत, आणि हवी तेवढी टोकदार गोळी खुशाल वापरता येते. फिरकी फिरली की तिच्याबरोबर आकडा फिरतो आणि खिडकीत दिसतो.

बाकीचे यंत्रही असेच, आतल्या आत. तरफ खाली ओढली की नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट मागे सरकतो आणि रिकामे काडतूस उजवीकडून बाहेर पडते. तरफ वर घेतली की बोल्ट पुढे जाताना नवे काडतूस नळीत ढकलतो आणि अगदी शेवटी त्याची शेपूट वर उचलली जाऊन रिसिव्हरच्या मागच्या भरीव भिंतीला टेकते. स्फोटाचा सारा भार ती भिंत घेते. बाहेर घोडा नाही, त्यामुळे झुडपात अडकायला काही नाही. वरचा भाग बंद, त्यामुळे पाऊस-बर्फ आत जात नाही आणि पुढे दुर्बिणी आल्या तेव्हा त्या नळीच्या बरोबर वर बसवता आल्या. तरफ मध्यावर असते, म्हणून डावखुऱ्याला आणि उजव्याला सारखीच. हे सारे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात एका माणसाने योजले होते.

तो माणूस धंद्याने बंदूकवाला नव्हता. १८५७ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला जन्म. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी तो शहराच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या रेल्वेचा व्यवस्थापक होता. नोकरी चांगली होती. शहाण्या माणसाने तेवढ्यावर समाधान मानले असते. त्याने रायफल आखली आणि १८९२ च्या अमेरिकन लष्करी चाचणीत उतरवली. लष्कराने नॉर्वेची क्राग-यॉर्गेनसन निवडली. ज्या गिऱ्हाइकासाठी वस्तू केली त्यानेच ती नाकारल्यावर हिशेबी माणूस नकाशे गुंडाळून ठेवतो. याने १८९४ मध्ये कंपनी काढली. स्वतःचा कारखाना उभा नव्हता म्हणून १८९५ ची पहिली रायफल मार्लिनकडून, म्हणजे तरफेच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याकडून, बनवून घेतली. मग १८९९ ची सुधारलेली आवृत्ती आली आणि तिच्याच नावातून पुढे ९९ एवढाच आकडा उरला. सॅव्हेज स्वतः १९०५ मध्ये कंपनी सोडून कॅलिफोर्नियाला गेला आणि मोटारीच्या टायरांच्या मागे लागला. त्याची रायफल मात्र जवळजवळ शंभर वर्षे बनत राहिली. दहा लाखावी १९६० मध्ये बाहेर पडली. लष्कराने नाकारलेल्या, रेल्वेच्या व्यवस्थापकाने आखलेल्या यंत्राची ही कमाई आहे.

त्या कंपनीचे दुसरे एक खूळ मला फार आवडते. १९१५ मध्ये चार्ल्स न्यूटन या काडतूसकाराने त्यांना एक नवे काडतूस आखून दिले. न्यूटनला त्यात शंभर ग्रेन वजनाची गोळी हवी होती. शिकारीला तीच योग्य, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. कंपनीला मात्र सेकंदाला तीन हजार फूट हा आकडा हवा होता. तोवर अमेरिकन शिकारीच्या बाजारात कुणी तो गाठलेला नव्हता. गोळी हलकी केली, सत्त्याऐंशी ग्रेनची, आणि आकडा गाठला. आकडा थेट नावातच घातला : २५०-३०००. आजचा सल्लागार याला बाजारू हट्ट म्हणेल. पण त्या हट्टातून निघालेले काडतूस आणि त्याची रायफल घेऊन अमेरिकन संशोधक रॉय चॅपमन अँड्र्यूज गोबीच्या वाळवंटात गेला. १९२३ मध्ये डायनासोरची अंडी सापडली ती त्याच्याच मोहिमेला. २५०-३००० नंतर पाच वर्षांनी, १९२० मध्ये, कंपनीचे आणखी एक काडतूस आले, .३०० सॅव्हेज. लष्करी .३०-०६ चे त्या काळचे बळ आखूड काडतुसात बसवायचे, कारण ९९ च्या पोटात लांब काडतूस मावत नव्हते. पुढे अमेरिकन लष्कर नव्या आखूड काडतुसाचा शोध घेऊ लागले तेव्हा प्रयोगांची सुरुवात याच .३०० सॅव्हेजपासून झाली, आणि त्या वाटेने .३०८ आणि नाटोचे ७.६२ जन्मले. ज्या लष्कराने सॅव्हेजला परत पाठवले होते त्याला साठ वर्षांनी त्याच्याच घरच्या काडतुसातून वाट सापडली.

आता शहाणपणाची बाजू. ती मी कमी करून सांगणार नाही.

१९५८ मध्ये सॅव्हेज कंपनीनेच ११० ही बोल्ट-ॲक्शन, म्हणजे तरफेऐवजी हाताने बोल्ट सरकवायची, रायफल काढली. निकोलस ब्रुअर याने ती आखली. तिची युक्ती साधी आहे आणि ती मला मनापासून थोर वाटते. नळी रिसिव्हरमध्ये फिरवायची, मापाचा तुकडा आत घालून अंतर नेमके करायचे आणि बाहेरून एक नट आवळायचा. काम झाले. कानस घेऊन बसणारा फिटर लागत नाही. उलट ९९ चा रिसिव्हर पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढावा लागे. तिरपे, वाकडे, आतल्या आत वळणारे कोरीव काम. बोल्ट त्या भिंतीला नीट टेकतो की नाही हे माणसाने पाहायचे. तो टेकला नाही तर रायफल निकामी. फिरकी, तिची स्प्रिंग, पितळी आकडा हे सारे जमवून बसवायचे. ११० स्वस्त होती, नेमकी होती आणि विकली जात होती.

शिवाय ९९ मध्ये दोष होते. बोल्ट मागच्या टोकाला अडकतो, त्यामुळे जोरदार दारू भरली तर पोलाद किंचित लवते आणि पितळेची टरफले ताणली जातात. दस्ता दोन तुकड्यांचा, नळी तापली की पुढच्या लाकडावर दाब बदलतो आणि नेम थोडा सरकतो. रिसिव्हरच्या मागे लाकडाला तडे जाण्याची खोड जुनी आहे. चाप तर कधीच फार गोड नव्हता. शंभर यार्डांवर कागदाला भोके पाडण्याच्या स्पर्धेत आजची स्वस्तातली बोल्ट-ॲक्शन तिला सहज हरवते.

म्हणून शहाण्यांनी ती हळूहळू सुधारली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सुरक्षेचा खटका तरफेवरून काढून वर, अंगठ्याखाली आणला. हा बदल मला मान्य आहे. थंडीने बधिरलेल्या हाताला तो खरोखरच सोयीचा आहे. १९६५ मध्ये ९९-सी आली, तिच्यात फिरकीऐवजी काढता-घालता येणारी पेटी. लाकडावरची जाळी हाताने कोरायची ती दाबून उठवू लागले. १९८० च्या दशकात फिरकी कायमची गेली आणि तिच्याबरोबर खिडकीही गेली. १९८८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिला पुन्हा उभे केले ते बोल्ट-ॲक्शनने, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ९९ बंद झाली.

यातला प्रत्येक निर्णय एकेकटा घेतला तर बिनतोड आहे. फिरकी महाग, पेटी स्वस्त : पेटी घ्या. खिडकी नसली म्हणून हरीण चुकत नाही : खिडकी काढा. पण तेवढ्या बरोबर उत्तरांची बेरीज केल्यावर हातात उरली ती एक महागडी, जुनाट घडणीची, पेटी लावलेली रायफल. तिच्यापेक्षा ११० घेणे केव्हाही बरे, आणि गिऱ्हाइकाने तेच केले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माणसे ९९ ला जे पैसे मोजत होती ते नेमके ज्या गोष्टींसाठी, त्याच गोष्टी एकेक करून खर्चाच्या बाजूला मांडल्या आणि कापल्या. आज चांगल्या अवस्थेतली, फिरकीची जुनी ९९ त्याच कंपनीच्या नव्या कोऱ्या साध्या बोल्ट-ॲक्शनपेक्षा महाग विकली जाते. शहाण्यांनी हा भाव एकदा नीट पाहावा असे मला कळकळीने वाटते. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. इथे ते मोल लोक रोख मोजत आहेत.

परत आणलेल्या रायफलींची उदाहरणे समोर आहेत. विंचेस्टरची ९४, जॉन ब्राउनिंगने आखलेली, सत्तर लाखांवर बनलेली. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला तेव्हा ती संपली असे सगळ्यांनी धरले. चार वर्षांनी ती जपानच्या मिरोकू कारखान्यातून परत आली, आणि काम इतके नेटके की जुनी माणसेही गप्प बसली. मार्लिनची कथा जास्त शिकवणारी आहे. कंपनी विकली गेली, नॉर्थ हेवनचा जुना कारखाना २०११ मध्ये बंद झाला, यंत्रे हलली, जुने हात पांगले. नव्या जागी निघालेल्या रायफलींबद्दल तक्रारींचा पाऊस पडला, कारण कित्येक मापे कागदावर नव्हती. ती फिटरच्या हातात होती आणि फिटर घरी गेला होता. २०२० मध्ये रूगर कंपनीने मार्लिन घेतली तेव्हा तिने घाई केली नाही. काम नव्याने बसवले, आणि २०२१ च्या शेवटी पहिली रायफल बाहेर काढली. ती आली तशी दुकानांतून उचलली गेली. आज स्मिथ अँड वेसनसारखी पिस्तुलांची कंपनीसुद्धा तरफेची रायफल काढते आहे. तेव्हा ‘तरफ आता कुणाला हवी’ हा प्रश्न निकालात निघाला आहे. ‘सॅव्हेजची फिरकी कुणाला परवडेल’ एवढाच उरला.

त्याचे उत्तर : थोड्यांना. थोडीच बनवा. रिसिव्हर पोलादाच्या ठोकळ्यातूनच कोरा. ज्या आतल्या वळणांसाठी युटिकात यंत्रांची रांग लागे, ती वळणे संगणकावर चालणारे एक यंत्र आज एका बैठकीत काढते, हे मी त्या धंद्यात असल्याने जाणतो. शेवटची बैठक मात्र माणसालाच जमवू द्या, आणि त्याचा पगार किमतीत धरा. फिरकी हवी. पितळी आकडा हवा. खटका वर, अंगठ्याखाली. प्लॅस्टिकचा दस्ता नको. आणि काडतूस? शहाणा म्हणेल ६.५ क्रीडमूर, कारण ते प्रत्येक दुकानात मिळते. .३०८ मध्ये काढा, माझी हरकत नाही. पण .३०० सॅव्हेज आणि २५०-३००० मध्येही काढा. त्यांची काडतुसे शोधत फिरावे लागते, हे खरे. ती काडतुसे त्या रायफलीसाठीच घडली. एकाला वगळून दुसऱ्याला परत बोलावणे मला पटत नाही.

मराठी वाचक इथे थांबून विचारेल, आणि त्याने विचारावेच, की शिकारीच्या हत्याराबद्दल एवढा जीव का टाकायचा? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, ते योग्यच झाले. वाघांची कातडी भिंतीवर टांगणाऱ्यांबद्दल मला कधीच प्रेम वाटले नाही. पण पेनसिल्व्हेनियाचे जंगल वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथली पांढऱ्या शेपटीची हरणे बेसुमार शिकारीने जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये, म्हणजे सॅव्हेजची पहिली रायफल आली त्याच साली, राज्याने शिकार नियंत्रणाचे मंडळ नेमले. बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून सोडली. १९०७ मध्ये फक्त शिंगवाला नर मारता येईल असा नियम केला. हरणे वाढली, इतकी वाढली की पुढे कोवळी झाडे उगवू देईनात. इथे लांडगे उरलेले नाहीत. उरला तो माणूस, परवाना घेऊन, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या संख्येत. रायफली आणि काडतुसांच्या कारखान्यांकडून १९३७ च्या कायद्याने अकरा टक्के कर घेतला जातो, आणि तो पैसा राज्यांतल्या वन्यजीवांच्या कामाला जातो.

पेनसिल्व्हेनियात हरणाला अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. प्रत्येक गोळीनंतर हाताने काहीतरी करावे लागते. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. ज्या देशात बंदुकीने शाळांत मुले मारली जातात तिथे राहून बंदुकीबद्दल लिहिताना हात हलका राहत नाही, आणि राहू नये. मी ज्या रायफलीची बाजू घेतो आहे तिच्यात पाच काडतुसे बसतात, एकेक करून वरून भरावी लागतात, आणि किती उरली ते एक पितळी आकडा तुमच्या तोंडावर सांगतो.

शिवाय रायफल झाडण्यापेक्षा वाहण्याची वस्तू आहे, हे शहाण्यांच्या तक्त्यात कुठेच येत नाही. शिकारी दिवसभर डोंगर चढतो-उतरतो आणि फार तर एकदा चाप ओढतो. पुष्कळदा तेही नाही. ९९ चा तोल नेमका रिसिव्हरपाशी येतो, आणि फिरकी पोटातच असल्याने तिथे बाहेर आलेले काही नाही. एका हाताच्या मुठीत ती सपाट बसते, भाकरीच्या पिशवीसारखी लोंबत राहते. पेटीवाल्या रायफलीत नेमक्या तिथेच पेटीची कड बोटांना टोचते. दहा तास चाललेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. शेजारच्या गृहस्थांना पंच्याहत्तरीनंतरही डोंगरावर नेले ते या तोलाने. हे त्यांचेच म्हणणे आहे.

पूर्वी इथे थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हंगाम सुरू होई आणि गावोगावच्या शाळांना सुट्टी असे. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. गेल्या खेपेला त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. मी शिकार करत नाही, थर्मास आणि डबा वाहिला. अकराच्या सुमारास खालच्या ओढ्यापलीकडे एक नर उभा राहिला. अंतर त्यांच्या मते थोडे जास्त होते, मागे झाडी दाट होती. त्यांनी रायफल खांद्याला लावली, बराच वेळ तशीच धरली आणि खाली घेतली. नर निघून गेला. दुपारनंतर बर्फ भुरभुरू लागले.

अंधार पडायच्या आत आम्ही गाडीपाशी आलो. भरलेली रायफल गाडीत ठेवायला इथे मनाई आहे. ९९ रिकामी करायची तर तरफ हलवत एकेक काडतूस बाहेर काढावे लागते, दुसरा सोपा मार्ग नाही. शहाण्यांच्या यादीत हाही एक दोष आहे. त्यांनी मागचे फळकूट उघडले, वर हातमोजा पसरला आणि नळी रिकाम्या उताराकडे धरली. खिडकीत चार होते, कारण पाचवे काडतूस नळीत होते. तरफ खाली, पहिले काडतूस हातमोज्यावर. तरफ वर, खिडकीत तीन. मी टॉर्च धरला होता. दोन. एक. शून्य. शेवटचे काडतूस पडल्यावर त्यांनी तरफ उघडीच ठेवली, करंगळी आत घालून नळी चाचपली आणि पाचही काडतुसे मोजून खिशात टाकली. मग कोटाच्या बाहीने खिडकीवरचे बर्फ पुसले आणि रायफल माझ्या हातात दिली.